गादीवरून उतरताना

सरकारी नोकराच्या आयुष्यात निवृत्तीचा दिवस ग्रहणासारखा आगाऊ ठरलेला असतो. कर्नाटक राज्याच्या सेवेत वयाची ६० वर्षे पुरी झाली, की त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी हार, नारळ, शाल आणि चार गौरवपर भाषणे होऊन मनुष्य घरी येतो व दुसऱ्या दिवसापासून त्यास कोणी कचेरीत बोलावीत नाही. व्यापाऱ्याचे तसे नाही. गादीवर बसावयास जशी वयाची अट नसते, तशी गादीवरून उतरावयासही नसते. आमच्या सभासदांत पासष्टी ओलांडलेले, मुलगा चाळिशीस आलेला, नातू महाविद्यालयात जाणारा, आणि तरीही तिजोरीची किल्ली कमरेला लावूनच झोपणारे गृहस्थ थोडे नाहीत. त्यांना निवृत्ती नको आहे असे नव्हे. ती कोणत्या दिवशी, कोणत्या रीतीने घ्यावयाची हे कोणी सांगितलेले नाही, एवढेच. प्रस्तुत लेखात आम्ही याच गोष्टीचा अंमळ विस्ताराने विचार करणार आहोत. पुष्कळांच्या बाबतीत या अवस्थेची पहिली चाहूल प्रातःकालच्या फिरण्यात लागते, म्हणून आरंभही तेथूनच करू.

बिदर शहराच्या अंगास लागलेले मैलूर हे मूळचे निराळे गाव. आज ते शहरातच मिसळून गेले आहे. (भालकी तालुक्यातील खानापूरचे मैलार, जेथे मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबा आहे, ते वेगळे. बाहेरगावच्या पाहुण्यांची या दोन नावांत नेहमी गल्लत होते.) बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २२०० फूट उंच असून भूमी तांबड्या जांभ्याची आहे. त्यामुळे उन्हाळ्यातही येथील पहाट सुसह्य असते, आणि मार्गशीर्ष-पौषात तर कानटोपी व शाल यांवाचून बाहेर पडवत नाही. सूर्य वर येण्याच्या सुमारास येथील रस्त्यांवर जी मंडळी दिसतात, त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, वीज खात्यातून आणि बँकेतून उतरलेले आहेत, आणि अलीकडे आपले व्यापारी बांधवही आहेत. चालण्यावरूनच दोहोंतील भेद ओळखू येतो. निवृत्त शिक्षक रमतगमत चालतो, थांबतो, दुसऱ्यास थांबवितो. व्यापारी मात्र उधारी वसुलीस निघाल्यासारखा चालतो, आणि खिशातील फोन वाजला की रस्त्याच्या कडेला उभा राहून तुरीचा भाव विचारतो.

या फिरण्याचे माप किती असावे, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत असा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही. १९६५ साली जपानमध्ये पावले मोजण्याचे एक लहान यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता, आणि ते नावच पुढे नियम होऊन बसले. मालाला नाव कसे द्यावे याचा तो उत्तम नमुना आहे, हे व्यापारी म्हणून आपण मान्य केले पाहिजे. पुढे २०२२ साली निरनिराळ्या देशांतील पंधरा अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले, की साठीच्या पुढील माणसांस दिवसाकाठी सहा ते आठ हजार पावलांपर्यंत आयुर्मानाच्या दृष्टीने लाभ वाढत जातो व त्यापुढे तो फारसा वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीत पावलांचा उल्लेखच नाही. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, आणि ६५ वर्षांपुढील माणसांनी त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम, असे तिचे सांगणे आहे. मध्यम श्रम म्हणजे काय, तर चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये.

आता हे माप आपल्या घरच्या घड्याळाशी किती सहज जुळते ते पाहावे. ४८ मिनिटांचे एक मुहूर्त, म्हणजे दोन घटिका. सामायिकाचा काळ तोच. नवकारशीचे व्रत पाळणारे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात पाणीही घेत नाहीत. म्हणजे सूर्योदय ते नवकारशी हा काळ चालण्याकरिता आयताच मोकळा मिळतो. मिनिटास शंभर पावले हा मध्यम चालीचा साधारण हिशोब धरला, तर ४८ मिनिटांत ४८०० पावले, आणि सुमारे तीन ते साडेतीन किलोमीटर अंतर होते. उरलेली पावले घरात, मंदिरात जाताना, भाजी आणताना आपोआप पडतात. आठवड्यातून पाच दिवस हा क्रम ठेवला तर २४० मिनिटे भरतात. वरील शिफारशीहून हे माप दीडपटीपेक्षा अधिक झाले.

सूर्योदयापूर्वीच्या काळोखात फिरावयास निघण्याची जी हौस काहींना असते, ती आम्हास पसंत नाही. मुनींच्या ईर्यासमितीत चार हात पुढील भूमी पाहून, उजेडात, जीवजंतू चुकवीत चालावे असे सांगितले आहे. गृहस्थास ते सर्व बंधन नाही हे खरे. परंतु साठीच्या पुढे पाय घसरून खुब्याचे हाड मोडणे हे किती घरांचे दुःख होऊन बसते, ते ज्याने पाहिले असेल त्यास चार हात भूमी पाहून चालण्यातील शहाणपण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बिदरला जूनमध्ये सूर्य सुमारे पावणेसहास उगवतो आणि जानेवारीत पावणेसातच्या पुढे. तेव्हा घड्याळाच्या काट्यास न चिकटता सूर्यासच धरून निघावे, म्हणजे ऋतूप्रमाणे वेळ आपोआप बदलते.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. आपल्या समाजात मधुमेह पुष्कळ आहे. बैठा धंदा आणि गोडाचे जेवण यांचा तो प्रसाद होय. जे इन्शुलिन घेतात किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी उपाशीपोटी लांब चालणे धोक्याचे आहे. अंगास दरदरून घाम, हातास कंप, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे दिसली तर तत्काळ साखर घ्यावी लागते, आणि तेथे व्रताचा विचार करीत उभे राहण्यास वेळ नसतो. प्रत्याख्यानाच्या पाठातही आगार, म्हणजे सवलती सांगितल्या आहेत, आणि रोगपीडेत समाधी टिकविण्याकरिता घेतलेले औषध त्यांत बसते. तेव्हा अशा माणसांनी आपल्या वैद्यास व आपल्या गुरूंस दोघांसही अगोदर विचारून वेळ ठरवावी आणि खिशात खडीसाखर ठेवावी. खडे खिशात असूनही लाजेस्तव न खाणारे आम्ही पाहिले आहेत.

फिरण्याहूनही कठीण गोष्ट म्हणजे फिरून घरी आल्यानंतरचा दिवस. सकाळी आठ वाजता स्नान-दर्शन उरकले, नाश्ता झाला. आता दहाला दुकानात जावयाचे की नाही? गेले, तर मुलगा संगणकापुढे बसून जी कामे करीत असतो त्यांतील अर्धी आपणांस समजत नाहीत. कर्नाटकात २०१४ पासून बाजारसमित्यांतील लिलाव संगणकाच्या जाळ्यावर होऊ लागले, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. ज्या पिढीने मुठीत धान्य घेऊन, दाताखाली तुरीचा दाणा फोडून त्यातील ओल सांगितली, तिला आता विवरणपत्राची तारीख मुलास विचारावी लागते. उलटपक्षी मुलास विवरणपत्र येते, पण अमुक गावचा शेतकरी मालाचे पैसे मागावयास आला असता त्यास दारातून परत न पाठविता आधी पाणी व मग चहा का द्यावयाचा, त्याच्या वडिलांनी आपल्या वडिलांपाशी कोणत्या दुष्काळात बी-बियाणे उधार नेले होते व ते कसे फेडले, हे ठाऊक नसते. आडतीच्या धंद्याची खरी पत या दुसऱ्या प्रकारच्या माहितीत आहे, आणि ती कोणत्याही खातेवहीत लिहिलेली नसते.

म्हणून आमची सूचना अशी आहे, की गादीवरून उतरण्याच्या अगोदरची दोन-तीन वर्षे वडीलधाऱ्यांनी ही माहिती मुलांच्या हाती देण्यात घालवावी. मुलास बरोबर घेऊन शेतकऱ्यांच्या गावी जावे, लग्नकार्यांस व तेराव्यासही जावे. हमाल, तोलारी, दिवाणजी यांची घरे दाखवावीत. कोणाची उधारी मागावयाची आणि कोणाची मागावयाची नाही, हे सांगावे. सून वा कन्या दुकानाच्या कामात असेल, तर तिलाही याच प्रकारे नेले पाहिजे. तिला केवळ हिशोबाच्या खोलीत बसवून ठेवणे व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे.

या आमच्या सीमाप्रांतात निवृत्तीच्या प्रश्नाची दोन मोठी ऐतिहासिक उदाहरणे जवळजवळ शेजारी नांदतात, ही गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. बिदर शहरात महमूद गवानाची मदरसा नावाची जी भव्य वास्तू आहे, ती १४७२ साली उभी राहिली. तिचा कर्ता मूळचा व्यापारी. इराणातील गिलान प्रांतातून १४५३ च्या सुमारास तो व्यापारानिमित्त दक्षिणेत आला, बहामनी दरबारात चढत चढत वजीर झाला, आणि त्यास ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती हा किताब मिळाला. राज्याची व्यवस्था त्याने इतकी नेटकी बसविली, की त्याच्यावाचून पान हलेना; आणि हीच गोष्ट त्याच्या नाशास कारण झाली. त्याचे मत्सरी विरोधक त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्या नोकरास वश करून बसले. त्याजकडून कोऱ्या कागदावर वजिराचा शिक्का उठवून घेतला, त्यावर शत्रूस लिहिलेले राजद्रोहाचे पत्र रचले, आणि ते सुलतानापुढे ठेवले. १४८१ साली, सत्तरीच्या घरात असताना, त्याचा वध झाला. मागाहून त्याची निजी संपत्ती मोजली तेव्हा ती अगदी थोडी निघाली, असे इतिहासकार सांगतात. त्यानंतर बहामनी राज्य सावरले नाही व थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे झाले.

दुसरे उदाहरण कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडचे. कलबुर्गीपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले हे गाव म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. येथे सम्राट अमोघवर्षाने ८१४ पासून सुमारे ६४ वर्षे राज्य केले. जिनसेनाचार्यांविषयी त्याची भक्ती सर्वश्रुत आहे. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ या त्याच्या नावे असलेल्या लहानशा ग्रंथाच्या शेवटी असे म्हटले आहे, की विवेकामुळे ज्याने राज्य सोडले त्या राजाने ही रचना केली. त्याने राज्यकारभार पुत्रावर सोपवून अधूनमधून विरक्त जीवन घालविले, असे ताम्रपटांवरूनही दिसते. मळखेडास आजही जुनी जैन बस्ती उभी आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात बिदर ते कलबुर्गी हा नवा लोहमार्ग सुरू झाल्यापासून बिदरकरांस तिकडे जाणे सोपे झाले आहे. एकाच प्रदेशातील या दोन थोर पुरुषांपैकी एकास कामाचा भार उतरविताच आला नाही आणि दुसऱ्याने तो उतरवून ठेवला. आमच्या बांधवांनी सहकुटुंब एकदा दोन्ही स्थळे पाहून यावीत.

महमूद गवानाच्या शिक्क्याची कथा आम्ही सांगितली ती केवळ मनोरंजनार्थ नव्हे. आजही अनेक पेढ्यांत वडिलांच्या सह्या असलेले कोरे धनादेश मेजाच्या खणात पडलेले असतात. ‘आप्पा फिरावयास गेले असता खोळंबा नको’ हे त्याचे कारण सांगितले जाते. आप्पांनी फिरावयास अवश्य जावे, परंतु मुलाच्या सहीचा अधिकार बँकेत रीतसर नोंदवून जावे.

कायद्याच्या दृष्टीने निवृत्ती म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगून ठेवतो. तपशील आपल्या वकिलांस व सनदी लेखापालांस विचारावा. भागीदारीच्या पेढीतून एखादा भागीदार घरी बसला म्हणजे तो निवृत्त झाला असे होत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निवृत्तीची जाहीर सूचना दिली जाईपर्यंत पेढीच्या पुढील व्यवहारांबद्दलही तो बाहेरच्या लोकांस जबाबदार राहू शकतो. नोंदलेल्या पेढीच्या बाबतीत ही सूचना निबंधकास कळवावी लागते, राजपत्रात द्यावी लागते आणि त्या भागातील देशी भाषेच्या एका वृत्तपत्रातही छापावी लागते. वस्तू व सेवा कराच्या कायद्यात तर निवृत्तीची तारीख एका महिन्याच्या आत खात्यास कळविली नाही, तर कळवीपर्यंतच्या कराची जबाबदारी त्याच्यावर चालूच राहते. ज्यांचे दुकान एकट्याच्या नावावर आहे त्यांना ते मुलाच्या नावे करताना जुनी नोंदणी तशीच पुढे देता येत नाही. मुलास नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि खात्यावरील शिल्लक करसवलत ठराविक नमुना भरून वळती करावी लागते. हे सारे मार्चअखेरीस धरून केले तर हिशोब सुटसुटीत राहतात. दिवाळीच्या वहीपूजनास केले तर मनाला बरे वाटते. आम्ही मार्चच्या बाजूचे आहोत.

घरच्या मिळकतीविषयीही दोन शब्द. हिंदू वारसा कायदा जैनांसही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच मुलाइतका आहे, आणि त्याकरिता २००५ साली वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. ‘मुलींचे लग्नात झाले’ हे वाक्य आता कायद्यापुढे टिकत नाही, आणि आमच्या मते धर्मापुढेही पूर्वी टिकत नव्हते. स्वकष्टार्जित मिळकतीचे मृत्युपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पुरे होते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, तथापि केलेली बरी. आणखी एक. राहते घर हयातीतच मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई करू नये. करावयाचेच असेल, तर आपल्या उभयतांच्या पालनपोषणाची अट त्या कागदातच स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अट मोडल्यास असे पत्र रद्द करून घेण्याची सोय आहे. पण कागदात अट नसली तर तीच सिद्ध करीत बसावे लागते. हे लिहिताना कोणाच्या मुलावर आम्ही अविश्वास दाखवीत नाही. पक्का कागद केल्याने प्रेम कमी होत नाही, हे आपण गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आलो आहोत.

असो. कागदाचा विषय येथे सोडून घराकडे वळू, कारण निवृत्तीचा खरा मुक्काम तेथे आहे.

चाळीस वर्षे जो पुरुष सकाळी दहाला गेला व रात्री नवाला आला, तो एकाएकी दुपारी अकरा वाजता घरात दिसू लागला की घराची घडी विस्कटते. सुनेस डोक्यावरचा पदर सावरीत वावरावे लागते, मोलकरीण बिचकते, आणि घरच्या बाईस दर अर्ध्या तासाने ‘जरा चहा’ असे ऐकावे लागते. पुष्कळ ठिकाणी आप्पा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि डाळ किती घेतली, तेल किती लागले याची विचारपूस सुरू होते. दुकानातील देखरेखीची सवय कोठेतरी निघावयाचीच. अशा वेळी घरातील मंडळींनी रागावू नये, आणि आप्पांनी खुर्ची ओसरीवर न्यावी. एक गोष्ट मात्र पुरुषांनी ध्यानात घेतली पाहिजे: घरच्या बाईच्या कामास निवृत्तीचा कोणताही दिवस नाही. नवरा साठीचा झाला म्हणून तिचे पापड, सांडगे, लोणची, पर्युषणातील एकाशन-उपवासांची तयारी, पाहुणे, यांतील काही कमी होत नाही. उलट दुपारचा एक चहा आणि एक माणूस वाढते. निवृत्त पुरुषाने निदान स्वतःचे पाणी गाळून घेणे, स्वतःचे ताट उचलणे, बाजारातून भाजी आणणे एवढे तरी अंगावर घ्यावे. भाजी आणावयास गेले की भावाची घासाघीस करण्याची हौसही भागते.

यातूनच एक लाभ सहज पदरी पडतो, आणि त्याची किंमत पैशात करता येणार नाही. दुकान रात्री नवापर्यंत चालत असल्यामुळे आपल्यातील कित्येकांना सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नेम सुट्टीच्या दिवसाखेरीज कधी पाळताच आला नाही. डबा दुकानात मागवून, गिऱ्हाइकाच्या समोर दोन घास खाऊन नेम पाळणारेही होते; पण ते जेवण एकट्याचे. गादी सोडल्यावर सायंकाळी घरीच जेवता येते. बिदरला डिसेंबरच्या आरंभी सूर्यास्त पाच चाळीसच्या सुमारास होतो, म्हणजे पाचच्या आतबाहेर पाट मांडावे लागतात. ही वेळ नेमकी मुलांच्या शाळेतून परतण्याची. ज्या नातवंडांनी आजोबांना आजवर केवळ रविवारीच पाहिले, त्यांच्या पंगतीला आजोबा रोज बसू लागतात. जेवणानंतर अंगणात शतपावली घातली, तर भोजनोत्तर वाढणारी रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास तिची मदत होते, हे आता वैद्यकानेही मान्य केले आहे. जुन्या शब्दात शंभर पावले सांगितली असली तरी दहा-पंधरा मिनिटे चालावे.

नातवंडांशी बोलावयाचे काय, हा प्रश्न विनोदी वाटला तरी खरा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला, आणि त्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. तेव्हापासून आमच्या घरांत भाषांची अशी व्यवस्था आहे, की बोलावयाचे मराठीत, शाळा कानडी किंवा इंग्रजीत, आणि बाजारात कानडी, मराठी, दक्खनी तिन्ही. आजच्या मुलांस मराठी बोलता येते, पण वाचता येतेच असे नाही. या मुलांना पाटीवर मराठी अक्षरे गिरवावयास लावणे हे काम शाळा करणार नाही आणि मुलांच्या आईबापांस वेळ नाही. ते आजोबांचेच आहे. तसेच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे. यंत्राने गुणाकार होत असताना ते कशाला, असे मुले विचारतील. त्यांना सव्वातीन क्विंटलचा हिशोब तोंडी करून दाखवावा, मग ती आपण होऊन शिकावयास बसतात. जुन्या वह्यांतील हाली शिक्क्याचे आकडे दाखवून, सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार हा हिशोब घातला तर दुपार कशी गेली ते कळत नाही.

बाहेरगावी दिलेल्या मुलींकडे जाणे हेही असेच राहून गेलेले काम. उदगीर, लातूर, परळी ही गावे पुष्कळांना केवळ मालाच्या बिल्टीवरून ठाऊक आहेत. विकाराबाद-परळी मार्गावरील गाडीने भालकी-उदगीरकडे जाताना मुलीच्या घरी चार दिवस निवांत राहावे, असा योग गादीवर असताना आला नाही. आता यावा. जावईबापूंनी धंद्याविषयी विचारले तरच बोलावे.

हे ‘विचारले तरच’ फार महत्त्वाचे आहे. दिगंबर आम्नायातील श्रावकाचारांत गृहस्थाच्या अकरा प्रतिमा, म्हणजे त्यागाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. आठवी आरंभत्यागाची: सेवा, शेती, वाणिज्य असे उद्योग सोडणे. नववी परिग्रहत्यागाची: मिळकत सोडणे. आणि त्यांच्याही वर दहावी आहे ती अनुमतित्यागाची. धंदा, मिळकत आणि ऐहिक कार्ये यांविषयी संमती वा सल्ला देणेही सोडणे, असा तिचा आशय स्वामी समंतभद्रांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त आहे. आपण सर्वसाधारण गृहस्थ या प्रतिमा धारण करू असे नाही; परंतु त्यांचा क्रम पाहून आम्हास नेहमी नवल वाटते. दुकान सोडणे आठव्या पायरीवर, पैसा सोडणे नवव्या, आणि मुलास ‘असे कर, तसे करू नको’ म्हणणे सोडणे त्याहीपुढे! ज्यांनी ही रचना केली त्यांनी वृद्ध व्यापारी जवळून पाहिले असले पाहिजेत.

आमच्या परिचयातील एका कुटुंबात याची एक व्यवहार्य तडजोड झालेली आहे, ती सांगण्याजोगी वाटते. वडिलांनी आठवड्यातून एकच दिवस, बाजार बंद असताना, दुपारी एक तास दुकानात जावयाचे. त्या तासात मुलगे जे विचारतील त्याचे उत्तर द्यावयाचे, न विचारले तर जुन्या वह्या चाळीत बसावयाचे. पहिल्या वर्षी तास जड गेला, कारण कोणी काही विचारीना. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या उधारीच्या प्रसंगी मुलांनी आपण होऊन विषय काढला, आणि आता तो तास पुरत नाही.

पावसाळ्याचा एक प्रश्न राहिला. मृग लागल्यापासून जांभ्याच्या फरशांवर शेवाळ धरते, रस्त्यांवर गांडुळे व बारीक किडे येतात, आणि चातुर्मासात हिंडणे-फिरणे मर्यादित ठेवण्याचा नेम पुष्कळांचा असतो. अशा दिवसांत सकाळची चाल मोडू नये म्हणून मंदिराच्या मंडपात किंवा घराच्या ओसरीत फिरावे. एका प्रदक्षिणेची ६० पावले भरत असतील, तर ८० प्रदक्षिणांत ४८०० पावले होतात. मोजदाद चुकते अशी तक्रार असल्यास हाती जपमाळ घ्यावी. तिचे १०८ मणी आहेत, त्यातील ८० झाले की नवकारशीची वेळ होते.